तिसऱ्या रविवारची चिठ्ठी

मला सगळे जळकी म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. फक्त मी नेमकी कोणावर जळते, हे कोणाला कळलं नाही. माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या अंबरनाथच्या देवळातल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं, की स्वतःचं जमत नाही म्हणून हिच्या पोटात दुखतंय. आईनेही तेच धरलं आणि नगरकडच्या मावशीला पत्र टाकून माझ्यासाठी स्थळं बघायला सांगितली. मी चोवीस वर्षांची होते, एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते, आणि मला नवरा नको होता. मला ती हवी होती. माझा जळफळाट चालला होता तो बदलापूरच्या त्या माणसावर, ज्याला ती मिळणार होती.

आज हे एका दमात लिहिता येतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी यासाठी माझ्याकडे शब्दसुद्धा नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गात सात मोठी पापं पाठ करून घेतली होती, त्यात हेवा होता. तेवढाच शब्द माझ्या उपयोगाचा निघाला. पापनिवेदनाला गेले की मी जाळीपलीकडच्या फादरांना सांगायचे, "मला हेवा वाटतो." ते तीनदा नमो मरिया म्हणायला सांगायचे. कोणाचा, कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि पुढचा महिनाभर आमचं दोघांचंही भागायचं.

आम्ही नगरकडचे कॅथलिक लोक, चर्चला देऊळच म्हणतो. आमची मराठी मिस्सा, म्हणजे उपासना, रविवारी साडेअकराला असायची. सकाळची चांगली वेळ इंग्रजीवाल्यांची, मग मल्याळी लोकांची, आणि सगळ्यांचं आटोपलं की आम्ही. पेटी मी वाजवायची. माझी मैत्रीण माझ्या शेजारी उभी राहून गायची आणि गाण्याच्या पुस्तकाची पानं उलटायची. पान कधी उलटायचं हे आधी मी तिला मानेने सांगत असे. पुढेपुढे मानही हलवावी लागेना. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे आवाज मोठा आणि बोटांना कायम खडू. पुस्तकाच्या कोपऱ्यांवर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटायचे. मी ते पुसत नसे.

शनिवारी दुपारी वेदीवर फुलं लावायचं कामही आमच्याकडेच होतं. पालेगावला तेव्हा शेतं होती, तिथल्या एका मावशींकडून आम्ही झेंडू आणायचो आणि वेदीमागच्या खोलीत बसून निवडायचो. एकदा माझ्या ड्रेसचं गळ्याजवळचं बटण तुटलं. तिच्या पर्समध्ये सुईदोरा असायचाच. अंगावरचा कपडा तसाच शिवू नये म्हणतात. शिवायचाच तर तोंडात काडी धरावी. तिने झेंडूचा एक देठ माझ्या दातांत दिला आणि म्हणाली, "धर. आणि बडबड बंद." बटण लावून झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला. दोरा तुटला तरी तोंड बाजूला घेतलं नाही. माझ्या मानेवर तिचे चार-पाच श्वास पडले. मग "झालं" म्हणून ती फुलांकडे वळली. तोंडातला देठ काढायचं भान मला बऱ्याच वेळाने आलं. यावर आम्ही दोघी कधीच काही बोललो नाही. पण पुढची दोन वर्षं मी त्या श्वासांवर काढली, आणि तिलाही ते आठवत असणार याची मला खात्री होती.

तो आला जूनमध्ये, जांभळं घेऊन. बदलापूरला आपली माणसं तेव्हा मोजकी, तिथे वेगळं देऊळ नव्हतं, म्हणून ते लोक मिस्सेला अंबरनाथला यायचे. तो कारखान्यात फिटर होता, आवाज बरा होता, आणि फादरांनी त्याला आमच्या गायनमंडळात आणून बसवलं. पहिल्याच सरावाला त्याने चामटोलीच्या कोणा ओळखीच्यांकडून पाटीभर जांभळं आणली. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या. मी एकही खाल्लं नाही. ती मला जीभ दाखवून चिडवत होती, "खा ना गं, काय भाव खातेस?" मी म्हटलं, माझा घसा धरतो. तर त्याने लगेच उठून माझ्यासाठी पाणी आणलं. असा माणूस. त्याच्यात खोट काढण्यात मी सहा महिने घालवले. दारू पीत नव्हता, आईला उलट बोलत नव्हता, गाताना सूर सोडत नव्हता. शेवटी चपला करकर वाजतात एवढं एक सापडलं, तर त्याने नव्या घेतल्या.

डिसेंबरात एका शनिवारी ती वेदीच्या फुलदाण्यांत पाणी भरता भरता म्हणाली, "त्याच्या घरून विचारलंय. तू काय म्हणतेस?" मी देठ खुडत होते. मी म्हटलं, "तुझी मर्जी." तिने फुलदाणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला काहीच म्हणायचं नाही?" मी म्हटलं, "माणूस चांगला आहे." जळून खाक झालेलं माणूसही किती शहाण्यासारखं बोलू शकतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

माझी श्रद्धा लटकी नव्हती, आजही नाही. रोज माळ हातात घेऊन मी प्रार्थना करत असे. माझ्या मनातलं हे काढून टाक, असं मी देवाला एकदाही म्हटलं नाही. त्याला काढून टाक, असं म्हणायचे. तेही सभ्यपणे: पवित्र मरिये, त्याला दुबईला नोकरी लागू दे. भरपूर पगाराची लागू दे, असंही मी वर जोडत असे, म्हणजे कोणाचं वाईट चिंतल्याचं पाप नको. दुबईची नोकरी त्याच्या धाकट्या भावाला लागली.

लग्नाचा कपडा घ्यायला ती मला उल्हासनगरला घेऊन गेली. तिच्या आईचे गुडघे दुखायचे, म्हणून मी. कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराने आधी लाल, मग राणी रंगाचे शालू पसरले. तिने पांढरी साडी मागितली तसा तो थबकला. "शादी में सफेद? बेटा, अच्छा नहीं लगता." आमच्यात पांढरंच असतं, असं तिने त्याला समजावलं. मग त्याने डोक्यावरून घ्यायला जाळीचा पांढरा कपडाही काढला आणि विचारलं, "दुल्हन कौन है?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ये." मी काही म्हणेपर्यंत त्याने तो माझ्या डोक्यावर टाकून आरसा पुढे केला. आरशात मी, आणि माझ्या खांद्यामागे ती. ती हसत होती, पण नजर हलवत नव्हती. दुकानदार म्हणाला, "दोनों बहनों की साथ में कर लो, भाव कम कर दूँगा." मी तो कपडा ओढून काढला. "नवरी ही आहे. माझं काही नाही." परत येताना रिक्षात मी साडीची पिशवी मांडीवर धरून बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुझं पण होईल गं." देवळातल्या बायकांनी म्हटलं तर ठीक, पण तिनेही तेच म्हणावं? मला रडू येईल म्हणून मी बाहेर बघत बसले.

आता चिठ्ठीचं सांगते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत दोघांची नावं वाचतात. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, देऊन झाला की सूचनांच्या वेळी. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचं लग्न ठरलं आहे. या लग्नाला कोणाला काही अडथळा माहीत असेल तर त्याने तो फादरांना कळवावा. आणि शेवटी, ही पहिली वेळ, ही दुसरी वेळ, ही तिसरी वेळ. मराठी मिस्सेच्या सूचना मीच वाचायची, उच्चार स्पष्ट म्हणून. फादर शनिवारी चिठ्ठ्या लिहून माझ्या हातात देत.

तिचं लग्न मंगळवारी होतं आणि दुसऱ्याच दिवशी राखेचा बुधवार. त्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो आणि मग ईस्टरपर्यंत आमच्या देवळात लग्न लागत नाही. आमचे फादर वसईचे, म्हातारे आणि तीन म्हणजे तीनवाले. बिशपांकडून एखाद्या वेळेची सूट मिळते, पण ती मागायला ते जायचे नाहीत. मागच्याच वर्षी एका घरच्यांनी नावं उशिरा दिली, दोनदाच वाचून झाली, तर त्यांनी लग्न सरळ ईस्टरनंतर ढकललं. दारात मांडव पडला होता तरी ढकललं. तेव्हा एक चिठ्ठी वाचायची राहिली की तिचं लग्न दीड-दोन महिने लांबणार, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दोन महिन्यांत काय होणार होतं? काहीही. माणसाचं मन फिरतं, भाऊ दुबईला बोलावून घेतो. आणि काहीच झालं नसतं तरी ती आणखी सात-आठ रविवार माझ्या पेटीपाशी उभी राहिली असती. मी इतकी भुकेलेली होते की मला तेवढंही पुरलं असतं.

पहिल्या रविवारी 'अडथळा' या शब्दाशी माझा आवाज फाटला. पुढच्या बाकावरची एक बाई दुसरीच्या कानाला लागली. घरी जाताना माझ्या मैत्रिणीने मला विचारलं, "वाचताना काय झालं तुला?" मी म्हटलं, घसा. दुसऱ्या रविवारी मी इतकं भरभर वाचलं की फादरांनी भुवई उचलली. तिसरी चिठ्ठी शनिवारी हातात आली तेव्हाच मी ठरवलं. गडबडीत राहून गेली, असं मी नंतर सांगणार होते. गडबडीत काही नव्हतं. मी ती घरूनच चार घड्या घालून आणली होती.

त्या रविवारी मी बुधवारच्या मिस्सेची वेळ वाचली, कपाळाला लावायची राख करण्यासाठी मागच्या वर्षीच्या झावळ्या आणून द्या हे वाचलं, आजाऱ्यांची नावं वाचली आणि पेटीपाशी परत आले. तिची चिठ्ठी मी गाण्याच्या पुस्तकात सरकवली. फादर डोळे मिटून बसले होते. त्यांची ती सकाळपासूनची तिसरी मिस्सा. लोकांची चुळबुळ सुरू झाली होती, उपवासकाळाआधीचा शेवटचा रविवार म्हणून घरोघरी मटण आणलेलं. तिच्या आईच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. आणखी एक मिनिट गेलं असतं तर शेवटचा आशीर्वाद होऊन मी सुटले असते. पण शेवटच्या गाण्याचं पान उघडायचं काम तिचं होतं. दोन वर्षं जे पुस्तक तिच्याच हातात असायचं, नेमकं त्यात मी ती चिठ्ठी लपवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने घड्या उलगडल्या, वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. "फादर, एक राहिलंय," ती म्हणाली आणि स्वतःच वाचायच्या स्टँडपाशी गेली. नवरी आपलीच नावं वाचतेय म्हटल्यावर देवळात हशा पिकला. फादरही डोळे उघडून हसले. तिने बालवाडीच्या आवाजात त्याचं नाव वाचलं, त्याच्या वडिलांचं, स्वतःचं, स्वतःच्या वडिलांचं. "या लग्नाला कोणाला काही अडथळा माहीत असेल," ती म्हणाली आणि थांबली. मान वर करून तिने पेटीकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. लोकांना वाटलं तिला पुढची ओळ लागत नाहीये, कोणीतरी खाकरलं. ती थांबलेलीच. मला उठता आलं असतं. नुसता हात वर करता आला असता, नुसती मान हलवता आली असती. माझी मान तिला वाचता यायची. पण झेंडूचा तो देठ अजून दातांत असल्यासारखे माझे दात मिटले होते. "तर त्याने तो फादरांना कळवावा," ती म्हणाली. "ही तिसरी वेळ."

परत येऊन तिने पान उघडलं आणि हळूच म्हणाली, "वाजव." मी वाजवलं.

सोमवारी संध्याकाळी लग्नघरची माणसं पापनिवेदनाला आली होती. सगळे जाईपर्यंत थांबून मी शेवटी गुडघे टेकले. चिठ्ठीचं सांगितलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "मला हेवा वाटतो." फादरांनी पहिल्यांदाच विचारलं, "कोणाचा, तिचा?"

"नाही फादर. त्याचा."

ते कानाने जरा जड होते, त्यामुळे मला ते दोनदा सांगावं लागलं. ते जाळीच्या आणखी जवळ सरकले. मग ते म्हणाले, "तुला अडथळा नोंदवायचाय, का पाप सांगायचंय?"

"पाप, फादर."

"मग ते इथेच राहील. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात याबद्दल काय आहे ते तुलाही पाठ आहे, मी परत वाचत नाही. पण हा हेवा तुला खाईल, पोरी." या खेपेला त्यांनी नमो मरिया सांगितलं नाही. म्हणाले, "उद्या पेटी तूच वाजवायची. रडकी नाही. लग्नाची वाजवायची."

मी वाजवली. पांढऱ्या साडीत ती इतकी सुंदर दिसत होती की मला देवाचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. तरी कम्युनियनच्या रांगेत मी उभी राहिले. पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, ते माझंही देऊळ होतं, आणि ते सोडून जायचं माझ्या मनात कधी आलं नाही. पुढच्या रविवारपासून पानं मी स्वतःच उलटू लागले. दर पानाला भात्यावरचा हात सुटायचा आणि सूर खचायचा. लोकांना त्याची सवय झाली.

नव्वदच्या दशकात बदलापूरच्या सोनिवलीला नव्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्या दोघांनी तिथे दोन खोल्या घेतल्या. मी लग्न केलं नाही. आईने काही वर्षांनी नाद सोडला आणि मावशीचीही पत्रं थांबली. त्या दोघांना दोन मुली झाल्या. थोरलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता मी आहे. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जायचे. जाताना ठरवून जायचे, की आज त्याच्याकडे नीट बघायचं, आज मनात काही आणायचं नाही. तो दार उघडायचा आणि सगळं मुसळ केरात.

एका दुपारी ती आणि मी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. तो आतल्या खोलीत मुलींचा अभ्यास घेत होता. देवळात या रविवारी कोणाकोणाची नावं वाचली ते मी तिला सांगत होते. सोलता सोलता ती म्हणाली, "त्या दिवशी मी किती वेळ थांबले होते, आठवतं तुला?"

इतक्या वर्षांत तिने तो विषय पहिल्यांदा काढला होता. मी म्हटलं, "आठवतं. मला वाटलं, चिठ्ठी लपवली म्हणून लाजवतेयस."

"येडी आहेस. तुला वेळ देत होते."

"आणि मी बोलले असते तर?"

"लग्न मी केलंच असतं," ती म्हणाली. "याच्याशीच. तेव्हा दुसरं काय करणार होतो आपण? पण एकदा ऐकायला तरी मिळालं असतं. दुकानात तुझ्या डोक्यावर ते जाळीचं घातलं, तेव्हाही मला वाटलं, आता बोलशील. तू ते ओढून फेकलंस."

मी वाल सोलत राहिले. माझं काहीतरी त्याने हिसकावून घेतलं, या समजुतीवर मी दहा वर्षं जळत होते. त्याने काही हिसकावलं नव्हतं. ती विचारत होती आणि मी घशाचं कारण सांगत होते. आता तरी काही बोलावं म्हणून मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या तोंडून निघालं, "वाल जरा जास्तच भिजलेत का गं?"

ती हसली आणि म्हणाली, "हो, जास्तच."

तेवढ्यात तो चहा घेऊन आला. माझ्या कपात त्याने अर्धाच चमचा साखर घातली होती, मला लागते तशी. ट्रे खाली ठेवताना त्याला तिच्या कपाळावरच्या केसांत अडकलेलं वालाचं साल दिसलं. त्याने ते दोन बोटांनी काढून ताटलीत टाकलं आणि मुलींकडे परत गेला. ते साल मला मघापासून दिसत होतं.